भोपाळचे विष महूच्या दाराशी

डिसेंबर उजाडला की आपल्या समाजाची पावले चैत्यभूमीकडे वळतात. ६ डिसेंबरला दादरला पोहोचायचे म्हणून मध्य प्रदेशातून, उत्तर प्रदेशातून, त्याच्याही पलीकडून माणसे दोन-दोन दिवस आधी घर सोडतात. उत्तरेकडून येणाऱ्या कितीतरी गाड्या भोपाळ स्टेशनवर थांबतात. कोणी उतरून बाटलीत पाणी भरून घेतो, कोणी चहा पितो आणि गाडी पुढे निघते. याच स्टेशनाच्या जवळ युनियन कार्बाइडचा बंद पडलेला कारखाना आहे. महापरिनिर्वाण दिनाच्या अवघे तीन दिवस आधी, दरवर्षी ३ डिसेंबरला, त्या कारखान्याभोवतीच्या वस्त्यांतील बाया-माणसे आपल्या मृतांची आठवण करीत रस्त्यावर उतरलेली असतात. दोन स्मृतिदिन इतके लागून येतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे आपल्या मनात येत नाही. संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

भोपाळची दुर्घटना म्हटली की आपल्याला १९८४ ची एक रात्र आठवते. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या त्या रात्री कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. त्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे कीटकनाशक बनविण्यासाठी लागणारे जहाल विष साठविलेले होते. ते सतत थंड ठेवावे लागते. पण थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. सुटलेला गॅस धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा कामाची राहिली नव्हती. गॅस जाळून टाकणारा मनोरा नळी जोडलेली नसल्यामुळे निकामी होता. सुमारे ४० टन विष हवेत गेले आणि झोपलेल्या वस्त्यांवर उतरले. याला अपघात म्हणायचे काय? डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जिन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ मध्ये भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे असा इशारा छापून दिला होता. कोणी ऐकले नाही. ज्यांच्या जिवाला धोका होता त्यांचे ऐकण्याची या व्यवस्थेला सवय नव्हती.

मेलेले कोण होते तेही पाहा. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चोला, ओडिया बस्ती ही त्या वस्त्यांची नावे. विड्या वळणाऱ्या, हमाली करणारे, बांधकामावर जाणारे, हातगाडी ओढणारे लोक. त्यात मुसलमान होते, दलित होते, मागासवर्गीय होते, पोट भरण्यासाठी दुसऱ्या मुलखातून आलेले मजूर होते. कारखाना खाली, या वस्त्यांच्या दाराशी; आणि कंपनीचे अतिथिगृह मात्र वर, श्यामला टेकडीवर, मोकळ्या हवेत. कंपनीचा अमेरिकन प्रमुख वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ रोजी भोपाळला आला तेव्हा त्याला 'अटक' करून ठेवले ते त्याच टेकडीवर, आणि त्याच दिवशी जामिनावर सोडून दिले. तो पुन्हा कधीही भारतातल्या न्यायालयासमोर उभा राहिला नाही. २०१४ मध्ये तो अमेरिकेत मेला.

हा इतिहास थोडाफार सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला जे ठाऊक नसते ते यानंतरचे. गॅस वाऱ्याबरोबर निघून गेला. कारखाना तिथेच राहिला. आणि कारखान्याबरोबर त्याचा कचरा राहिला.

हा कचरा त्या रात्री तयार झालेला नाही, हे नीट लक्षात घ्यावे लागेल. १९६९ पासून भोपाळच्या या कारखान्यात कीटकनाशकाचे काम सुरू होते. त्यातून निघणारी घाण आवारातच खड्डे खणून टाकली जाई. १९७७ च्या सुमारास कारखान्याच्या उत्तरेला सांडपाणी उन्हात वाळविण्यासाठी मोठे तलाव बांधले आणि तळाला प्लास्टिकचे अस्तर घातले. हे तलाव गळत असल्याची चिंता १९८२ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या पत्रव्यवहारात नोंदलेली आहे. म्हणजे गॅस सुटायच्या दोन वर्षे आधीपासून भोपाळच्या जमिनीत विष मुरत होते आणि कंपनीला ते माहीत होते. टाकी फुटली नसती तरी त्या वस्त्यांतील विहिरी नासल्याच असत्या. गॅसचा धक्का एका रात्रीचा होता, पाण्याचा रोजचा आहे.

हे विष म्हणजे नेमके काय? क्लोरीन असलेली द्रावणे, कीटकनाशकाचे उरलेले अंश आणि पारा. ही द्रव्ये लवकर नष्ट होत नाहीत. पावसाळ्यात पाणी मातीतून झिरपते तेव्हा ती थोडी थोडी विरघळत भूजलात उतरतात आणि भूजल जिकडे वाहील तिकडे जातात. १९९९ मध्ये ग्रीनपीसने माती आणि पाणी तपासून हे जगासमोर मांडले. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेला कारखान्यापासून ३ किलोमीटर अंतरावरच्या पाण्यातही तीच द्रव्ये सापडली. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या २०१८ च्या तपासणीनंतर बाधित वस्त्यांची संख्या ४२ वर गेली. विष भिंतीच्या आत थांबलेले नाही. ते दरवर्षी पुढे सरकते आहे.

या वस्त्यांत सरकारने काय केले? हातपंपांना लाल रंग फासला आणि पाणी पिण्यास योग्य नाही असे त्यावर लिहून टाकले. एवढे करून जबाबदारी संपली! दुसरे पाणी कोठून आणायचे, हे त्या लाल रंगाने सांगितले नाही. टँकर आला तर आला, नाही आला तर बाईने घागर घेऊन त्याच लाल पंपाकडे जायचे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या असा आदेश दिला. त्या आदेशाची अंमलबजावणी व्हावी म्हणून बायाबापड्यांना २००६ मध्ये भोपाळपासून दिल्लीपर्यंत पायी जावे लागले. २००८ मध्ये पुन्हा जावे लागले. न्यायालयाने दिलेले पाणी मिळविण्यासाठी दोनदा दिल्ली गाठावी लागते, हा या देशातील गरिबाचा पाण्यावरचा हक्क!

पाण्याचा प्रश्न आपल्याला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले ते तहान लागली म्हणून नव्हे. सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून आपला समान हक्क आहे, हे त्यांना प्रस्थापित करायचे होते. त्या काळी आपल्याला पाण्यापर्यंत जाऊ दिले जात नव्हते. आज पंप वस्तीत आहे, त्याला हात लावायला कोणाची मनाई नाही. पण त्यातून येते ते विष आहे. रोखण्याची रीत बदलली, रोखला जाणारा माणूस तोच राहिला. ज्या महाडमध्ये तो सत्याग्रह झाला, त्याच महाडच्या एमआयडीसीत आज रासायनिक कारखान्यांची रांग उभी आहे आणि सावित्री नदीच्या प्रदूषणाच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. तेव्हा भोपाळचे दुःख परक्याचे आहे, असे समजण्याचे कारण नाही.

आता कचऱ्याच्या प्रवासाकडे येऊ. कारण या प्रवासातच आपल्या समाजव्यवस्थेचे खरे रूप दिसते.

२००४ मध्ये कारखान्याची जागा साफ करा अशी याचिका मध्य प्रदेश उच्च न्यायालयात दाखल झाली. २००५ मध्ये आवारात उघड्यावर पडलेला काही कचरा गोळा करून एका गोदामात ठेवला गेला. तो जाळायचा कुठे, हा प्रश्न आला. प्रथम गुजरातमधील अंकलेश्वरचे नाव निघाले. गुजरातने नकार दिला. मग आपल्या नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव निघाले. विदर्भातून विरोध झाला, महाराष्ट्र सरकारने नकार दिला. २०१२ मध्ये हा कचरा विमानाने जर्मनीला नेऊन जाळण्याची बोलणी झाली. तेथेही लोकांनी विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. नकार देणाऱ्यांना दोष देण्याचा हेतू नाही. आपल्या दारात विष नको असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. प्रश्न एवढाच आहे की कोणाचा 'नको' ऐकला जातो आणि कोणाचा ऐकला जात नाही?

अखेर ३ डिसेंबर २०२४ रोजी, दुर्घटनेला ४० वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, उच्च न्यायालयाने सरकारला खडसावून चार आठवड्यांची मुदत दिली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंद कंटेनरमधून ३३७ टन कचरा पोलीस बंदोबस्तात निघाला. सुमारे २५० किलोमीटरचा प्रवास करून तो पोहोचला धार जिल्ह्यातील पिथमपूरला. धार हा आदिवासीबहुल जिल्हा. पिथमपूर ही औद्योगिक वसाहत, म्हणजे पुन्हा कामगारांची, बाहेरून आलेल्या मजुरांची वस्ती. ३ जानेवारीला तेथे बंद पाळला गेला, लोक रस्त्यावर आले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांचाही 'नको'च होता. पण अंकलेश्वरचा, नागपूरचा आणि जर्मनीचा 'नको' चालला. पिथमपूरचा चालला नाही. आधी चाचणी म्हणून ३० टन आणि मग ५ मेपासून जूनअखेरपर्यंत उरलेला सर्व कचरा तिथल्या भट्टीत जाळण्यात आला.

आणि हे पिथमपूर आहे कुठे? महूच्या शेजारी. बाबासाहेबांचा जन्म ज्या महूला झाला, ज्याचे नाव आज डॉ. आंबेडकर नगर आहे, तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर. १४ एप्रिल २०२५ ला महाराष्ट्रातून हजारो भीमसैनिक जयंतीसाठी महूला गेले होते. त्यांनी जन्मभूमी स्मारकावर डोके टेकले, जयघोष केला, पंगतीत भोजनदान घेतले आणि परत आले. त्या दिवशी कार्बाइडचा तीनशे टनांवर कचरा जवळच्याच पिथमपुरात पडून होता. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होते? माहीत असते तर आपण काय केले असते? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो आणि मग वाचकांना.

जाळताना निघालेला धूर ठरवून दिलेल्या मर्यादेत होता, असे सरकारी यंत्रणेने न्यायालयाला सांगितले. ते तसेच्या तसे मान्य करू. तरी जाळल्याने कचरा नाहीसा होत नाही. त्यात चुना आणि इतर द्रव्ये मिसळावी लागतात. ३३७ टन जाळून आठशे टनांहून अधिक राख आणि अवशेष उरले. पारा जळत नाही. म्हणजे भोपाळचा कचरा गेला आणि पिथमपूरला वाढून बसला! या राखेचे करायचे काय, हा वाद पुन्हा न्यायालयात गेला.

शिवाय ज्या ३३७ टनांसाठी एवढा गाजावाजा झाला, ते एकूण विषाचा केवढा हिस्सा आहेत? नागपूरची नीरी आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संस्था यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार कारखान्याच्या जागेत सुमारे ११ लाख टन माती दूषित आहे. ११ लाख टनांपुढे ३३७ टन म्हणजे हजारातला एक हिस्साही नाही. तो गोदामात पोत्यांत भरून ठेवलेला होता, म्हणून दिसत होता. जो दिसत होता तो हलविला आणि भोपाळ विषमुक्त झाल्याच्या बातम्या छापून आल्या. जो जमिनीत आहे, जो पाण्यात आहे, जो बाळंतिणीच्या दुधातून लेकराच्या पोटात जातो, त्याला कंटेनरमध्ये कसे भरणार?

बाबासाहेबांनी आपल्या समाजरचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. या रचनेत मान वरच्या दिशेने चढतो आणि तिरस्कार खालच्या दिशेने उतरतो. कचऱ्याचेही तसेच आहे. नफा वर चढत चढत अमेरिकेत पोहोचला. कार्बाइडच्या भारतीय कंपनीत ५०.९ टक्के हिस्सा अमेरिकन कंपनीचाच होता. कचरा मात्र खाली उतरत उतरत भोपाळच्या झोपड्यांत आणि तिथून धारच्या मजूरवस्तीत आला. गावकुसाबाहेर मेलेले ढोर ओढून टाकण्याचे काम ज्यांच्या माथी मारले होते, त्यांना ही उतरंड समजावून सांगावी लागत नाही. ज्याने घाण केली त्याने ती उचलायची नाही आणि ज्याने केली नाही त्याने तिच्यात राहायचे, हाच तो जुना कायदा. मनूचे नाव न घेता तो आजही चालतो.

मग भरपाई कोणी करायची? फेब्रुवारी १९८९ मध्ये भारत सरकारने कंपनीशी ४७ कोटी डॉलरवर समझोता केला. पुढे बाधित म्हणून मान्य झालेल्यांची संख्या ५ लाख ७४ हजारांवर गेली. बहुतेकांच्या हाती पडले २५ हजार रुपये आणि बऱ्याच वर्षांनी आणखी तेवढेच. आयुष्यभराच्या दम्यासाठी, अंध झालेल्या डोळ्यांसाठी! ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि लगेच जामीनही दिला. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका १४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

पण हा सगळा हिशेब गॅसपीडितांचा. १९८४ नंतर त्या वस्त्यांत राहायला आलेले, लग्न होऊन आलेल्या मुली, तिथे जन्मलेली लेकरे, ज्यांनी गॅस नाही पण पाणी भोगले, ते या हिशेबात कुठेच नाहीत. १९८९ च्या समझोत्याच्या वेळी पाण्यातल्या विषाचा विचारच झालेला नव्हता. मग ती जबाबदारी मिटली कशी म्हणता येईल? २००१ मध्ये डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली. अमेरिकेतील कामगारांच्या ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांसाठी कार्बाइडची देणी भागविण्याची तरतूद डाऊने आपल्या हिशेबात केली. भोपाळचे नाव काढताच मात्र आमचा संबंध नाही, असे उत्तर आले. अमेरिकन कामगाराच्या फुप्फुसाला किंमत आहे, भोपाळच्या बाईच्या फुप्फुसाला नाही. आपल्या सरकारांनीही यात कधी कणखरपणा दाखविला नाही. कारखान्याची जमीन १९९८ पासून मध्य प्रदेश सरकारच्या ताब्यात आहे, म्हणजे सरकारलाही हात झटकता येणार नाहीत. सरकार कोणत्या पक्षाचे होते हे विचारू नका. दोन्ही पक्षांची होती.

तरीही लोक हरलेले नाहीत, हे विसरता कामा नये. रशीदाबी आणि चंपादेवी शुक्ला या दोन कष्टकरी बायांनी कामगार स्त्रियांची संघटना बांधली. एक मुसलमान, एक हिंदू. दोघींच्या घरात गॅसने माणसे गेली. २००४ मध्ये त्यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला. अब्दुल जब्बार २०१९ मध्ये मरेपर्यंत गॅसपीडित बायांना घेऊन लढत राहिले. आपल्या महाराष्ट्रातही चाकणजवळच्या शिंदे-वासुली गावात डाऊ कंपनीने संशोधन केंद्र उभारायला घेतले तेव्हा २००८ मध्ये शेतकरी आणि वारकरी एकत्र उभे राहिले आणि कंपनीला ती जागा सोडावी लागली. संघटित झालेल्या लोकांचा 'नको' ऐकावा लागतो, याचा हा पुरावा.

तथागतांनी सांगितले की दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण नाहीसे केले तर दुःख नाहीसे होते. भोपाळमध्ये आपण दुःखाची जत्रा पाहतो, मेणबत्त्या लावतो, आणि कारण मात्र जमिनीत तसेच ठेवतो. स्मारके हवीत, पण आधी माती साफ हवी. आपल्या चळवळीने हा विषय पर्यावरणवाल्यांचा म्हणून बाजूला ठेवला. नामांतर, आरक्षण, ॲट्रॉसिटी, शिष्यवृत्ती हे आपले प्रश्न आहेतच. पण राखीव जागेतून शिकलेल्या मुलाच्या आईने कोणते पाणी प्यायचे, हाही आपलाच प्रश्न आहे.

तेव्हा करायचे काय? आपल्या मागण्या साध्या आहेत. भोपाळची माती आणि भूजल जिथल्या तिथे शास्त्रीय पद्धतीने साफ झाले पाहिजे. ते दुसऱ्या गरिबाच्या दारात नेऊन टाकणे म्हणजे सफाई नव्हे. त्याचा खर्च घाण करणाऱ्याने दिला पाहिजे. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रकरणात मान्य केलेले आहे. पाणीपीडितांची वेगळी नोंद होऊन त्यांना उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे. पिथमपूरची राख लोकवस्तीपासून दूर गेली पाहिजे.

आणि आपल्या गावात, आपल्या नगरात? भोपाळनंतरच देशात १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले. त्या नियमांप्रमाणे शेजारच्या कारखान्यात कोणता धोका आहे आणि अपघात झाला तर काय करायचे, हे आजूबाजूच्या लोकांना सांगणे कारखानदारावर बंधनकारक आहे. तळोजा, डोंबिवली, महाड, बुटीबोरी, जिथे जिथे एमआयडीसीच्या कुंपणाला आपली वस्ती लागून आहे, तिथल्या किती जणांना हे सांगितलेले आहे? प्रत्येक बुद्धविहारात एक रविवार यासाठी द्यावा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करायचा हे कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलांनी शिकवावे. रसायनशास्त्र शिकणाऱ्यांनी वस्तीतल्या बोअरचे पाणी तपासून घ्यावे आणि निकाल विहाराच्या फलकावर लावावा. टाकी फुटल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा हे काम कमी खर्चाचे आहे.

पुढच्या १४ एप्रिलला महूला जाणाऱ्यांनी एक दिवस जास्तीचा काढावा आणि पिथमपूरला जाऊन तिथल्या लोकांना भेटावे. त्यांना विचारावे की तुमच्या नळाला आता कसे पाणी येते. आणि ६ डिसेंबरला गाडी भोपाळला थांबेल तेव्हा बाटली भरून घेताना एवढे आठवावे, की याच शहरात असे पंप आहेत ज्यांना सरकारने लाल रंग दिला आणि तरीही पुढची कित्येक वर्षे ज्यांचे पाणी लोकांना प्यावे लागले.